मादाम मेनका : एका फिरत्या नृत्यमंडळीची कहाणी

ग्रंथालयाच्या शतसांवत्सरिक स्मरणग्रंथात एका नर्तकीचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही सभासदांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ग्रंथालय हे अक्षरांचे घर. जे लिहिले गेले, छापले गेले, ते येथे सुखरूप राहते. नृत्याचे तसे नाही. चाळ सोडले, दिवे मालवले, की रंगमंचावर काहीच मागे उरत नाही. म्हणूनच नृत्याच्या वाट्याला आलेले विस्मरण किती दाट असते आणि त्यातून एखादे आयुष्य कोणत्या साधनांनी पुन्हा उभे करता येते, हे ग्रंथप्रेमी मंडळींनी जाणून घेण्यासारखे आहे. ह्या दृष्टीने मादाम मेनका ह्यांचे जीवन फार बोलके आहे. त्यांची कर्मभूमी मुंबई आणि खंडाळा. त्यांच्या कीर्तीचा प्रदेश अर्धा युरोप. आणि त्यांच्या स्मृतीची जपणूक करणारी त्यांची शिष्या एक मराठी मुलगी.

फिरती मंडळी म्हटली की मराठी माणसाला नाटक कंपनी आठवते. सांगलीस १८४३ साली विष्णुदास भावे ह्यांनी सीतास्वयंवराचा खेळ केला, तेव्हापासून आपल्याकडे गावोगाव बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्या मंडळ्यांची परंपरा सुरू झाली. १८८० साली किर्लोस्कर नाटक मंडळी आली, १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी आली. ह्या मंडळ्या मोडल्या तरी त्यांची नाटके छापलेली होती, पदे ध्वनिमुद्रिकांवर होती, नटांची आत्मचरित्रे होती. त्यामुळे त्यांचा इतिहास आपल्याला बराचसा सांगता येतो. तमाशाच्या फडांचे भाग्य इतके थोर नव्हते. तेथे कवनकर्त्याचे नाव टिकले, पण नाचणारणीच्या पावलांची नोंद कोणी ठेवली नाही. नृत्यमंडळीची गत तर ह्याहूनही अवघड. संहिता नाही, पद नाही, संवाद नाही. जे होते ते शरीरात होते आणि शरीराबरोबर गेले. मेनका ह्यांची मंडळी ही अशा मंडळ्यांपैकी एक.

मेनका हे त्यांचे रंगभूमीवरील नाव. मूळ नाव लीला रॉय. त्यांचा जन्म १८९९ साली पूर्व बंगालमधील बारिसाल येथे झाला. हे गाव आज बांगलादेशात आहे. वडील बॅरिस्टर, घराणे जमीनदारीचे, वातावरण सुशिक्षित आणि पाश्चात्त्य वळणाचे. त्यांचे शिक्षण काही काळ दार्जिलिंगला आणि काही काळ लंडनला झाले. तरुणपणी त्यांना व्हायोलिनची गोडी लागली व त्यांनी त्या वाद्याचे रीतसर शिक्षणही घेतले. अशा घरातील मुलीने पियानो किंवा व्हायोलिन वाजवावे, ह्यात समाजाला गैर काही दिसत नव्हते. तिने नाचावे, ही मात्र कल्पनाही करवत नव्हती.

ह्यामागची परिस्थिती समजून घेतली पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मद्रासपासून देशभर नाचाच्या बैठकींविरुद्ध चळवळ उभी राहिली होती. देवदासी, कलावंतिणी, तवायफ ह्या साऱ्यांच्या कलेवर एकच ठपका बसला. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. ह्या सुधारणेमागे मुलींच्या शोषणाविषयीची खरी कळकळ होती, हे नाकारता येणार नाही. परंतु शोषणाबरोबर कलेचीही गणना दोषांत झाली. ज्या स्त्रियांनी पिढ्यान् पिढ्या गत, भाव आणि लय सांभाळली, त्यांचे घर उठले आणि त्यांच्या विद्येला वारस उरेना. कथकाच्या बाबतीत ती विद्या लखनऊ आणि जयपूरच्या कथक घराण्यांतील पुरुष गुरूंकडे होती. परंतु त्यांनाही राजाश्रय संपत आल्याने नव्या आश्रयाची गरज होती.

लीलाबाईंचा विवाह डॉ. साहिबसिंग सोखी ह्यांच्याशी झाला. सोखी हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील अधिकारी. पुढे १९३२ साली ते परळच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. प्लेगची लस, सर्पविषावरील औषध, नवी रसायने ह्यांच्या निर्मितीत त्यांनी मोठे काम केले. मेजर जनरल ही पदवी, जागतिक आरोग्य संघटनेतील वरिष्ठ पद, राज्यसभेचे नामनियुक्त सदस्यत्व असे अनेक मान पुढे त्यांच्याकडे चालत आले. एका लष्करी डॉक्टराच्या पत्नीने रंगमंचावर नाचावे आणि पतीने तिच्या पाठीशी उभे राहावे, ही त्या काळात सामान्य गोष्ट नव्हती. मेनका ह्यांच्या चरित्रात सोखी ह्यांचा वाटा मोठा आहे, तो ह्या अर्थाने.

नृत्याकडे वळण्यास एक निमित्त झाले ते ॲना पाव्हलोव्हा ह्या रशियन नर्तिकेचे. पाव्हलोव्हाबाईंनी जगभर दौरे केले आणि भारतातही त्यांचे प्रयोग झाले. आपल्या बुऱ्हाणपुराहून फार दूर नसलेल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून त्यांनी १९२३ साली लंडनमध्ये एक बॅलेही सादर केला होता. उदयशंकर ह्यांच्यासारख्या चित्रकलेच्या विद्यार्थ्याला नृत्याकडे वळविणाऱ्या त्याच. त्यांनी लीलाबाईंनाही उत्तेजन दिले. एका परदेशी नर्तिकेने आपल्या लेण्यांकडे पाहून नृत्य रचावे आणि आपल्या शिकल्यासवरल्या मुलींनी नृत्याचे नाव काढताच मान खाली घालावी, ह्यातील विसंगती लीलाबाईंच्या लक्षात आल्याशिवाय राहिली नसेल.

त्यांनी विद्यार्थिदशा पत्करली ती मात्र पाश्चात्त्य बॅलेची नव्हे. लखनऊ घराण्याचे पंडित सीताराम प्रसाद ह्यांच्याकडे त्यांनी कथकाचे धडे घेतले. पुढे अच्छन महाराज, लच्छू महाराज ह्या थोर गुरूंचेही मार्गदर्शन त्यांना लाभले. मणिपुरी नृत्य त्या गुरू नवकुमार सिंह ह्यांच्याकडे शिकल्या, तर कथकळीसाठी त्यांनी केरळच्या गुरूंचा आश्रय केला. वयाची पंचविशी ओलांडल्यानंतर पायांत चाळ बांधून ततकारापासून आरंभ करणे म्हणजे काय, हे नृत्य जाणणाऱ्यांनाच कळेल. नृत्यासाठी त्यांनी मेनका हे नाव घेतले. विश्वामित्राची तपश्चर्या भंग करणारी अप्सरा आणि शकुंतलेची जननी, असे हे नाव. समाजाने जिला दोष दिला त्या अप्सरेचेच नाव एका प्रतिष्ठित घरातील स्त्रीने उघडपणे धारण करावे, ह्यात धैर्य होते.

तिसऱ्या दशकाच्या अखेरीपासून त्यांचे प्रयोग सुरू झाले. १९३०च्या सुमारास त्यांनी युरोपचा पहिला प्रवास केला. परंतु एकट्या नर्तिकेच्या प्रयोगाने त्यांचे समाधान होईना. कथक ही परंपरेने एकट्याची कला. बैठकीत, थोड्या जाणकारांसमोर, कलावंत तासन् तास तोडे, तुकडे, परण, गत ह्यांतून लय खुलवतो आणि एकाच ओळीवर भाव करीत राहतो. मोठ्या नाट्यगृहात शेकडो अनोळखी प्रेक्षकांसमोर हे जसेच्या तसे नेता येणार नाही, हे त्यांनी ओळखले. म्हणून कथा घेतली, पात्रे वाटून दिली, अनेक नर्तकांची रचना बसवली, वेळ आटोपशीर केली आणि भारतीय वाद्यांचा वृंद सोबत घेतला. १९३४ साली 'कृष्णलीला', १९३५ साली 'देवविजय नृत्य' आणि त्याच वर्षी 'मेनका लास्यम्' ही नृत्यनाट्ये अशा रीतीने उभी राहिली. कथकाच्या अंगाने संपूर्ण नृत्यनाट्य रचण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत त्यांची गणना होते.

मंडळीत रामनारायण आणि गौरीशंकर हे कथक नर्तक होते. लखनऊचे सरोदवादक सखावत हुसेन खाँ होते. संगीतरचनेची बाजू अंबिक मजुमदार सांभाळीत. मंडळीत मुलीही होत्या. त्यांतली सर्वांत लहान म्हणजे दमयंती जोशी. दमयंतीचा जन्म १९२८ साली मुंबईत झाला. सोखी दांपत्याने आपले मूल गमावले होते आणि ह्या मुलीला दत्तक घ्यावे असे त्यांच्या मनात होते. परंतु दमयंतीची आई वत्सलाबाई लेकीवरचा हक्क सोडण्यास तयार झाल्या नाहीत. तेव्हा दोन्ही घरांनी मिळून मुलीला वाढवावे असे ठरले. मुलीचे शिक्षण थांबू नये, आईला सन्मानाने राहता यावे, ह्याची व्यवस्था सोखी ह्यांच्या घराने केली. एका मराठी आईचा हा निग्रह आणि मेनकाबाईंचे हे सामंजस्य, दोन्ही लक्षात ठेवण्याजोगी आहेत. कारण पुढे ह्याच मुलीने आपल्या गुरूचा इतिहास वाचविला.

१९३६ साली मंडळी युरोपला निघाली. तो दौरा १९३८पर्यंत चालला आणि त्या काळात साडेसातशेच्या आसपास प्रयोग झाले असे सांगितले जाते. म्हणजे सरासरी जवळजवळ रोज एक प्रयोग. आज ह्या गावी, उद्या त्या गावी, आगगाडीतून पेट्या, पोशाख, वाद्ये, मुकुट ह्यांची ने-आण, कडाक्याची थंडी, परक्या भाषा, थंड हवेत उतरणारी तंबोऱ्याची तार आणि सैल पडणारी तबल्याची शाई घातलेली चामडी. ज्यांनी आपल्या नाटक कंपन्यांच्या फिरतीच्या हकीकती वाचल्या आहेत, त्यांना ह्या श्रमांची कल्पना येईल. सर्वाधिक प्रयोग जर्मनीत झाले. हॉलंडसारख्या शेजारी देशांतही मंडळी फिरली.

ह्या दौऱ्यातील सर्वांत गाजलेला आणि आज सर्वांत अवघड वाटणारा प्रसंग म्हणजे बर्लिनचा. १९३६च्या ऑगस्टमध्ये तेथे ऑलिंपिक सामने भरले. त्याआधी जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धा झाल्या. मेनका ह्यांच्या मंडळीने त्यांत भाग घेतला आणि तिचा तेथे गौरव झाला. भारतात ह्या यशाचे मोठे कौतुक झाले. पारतंत्र्यात असलेल्या देशाच्या कलेला जगाच्या व्यासपीठावर मान मिळाला, ही भावना त्यामागे होती आणि ती खोटी नव्हती.

परंतु नाणे उलटूनही पाहिले पाहिजे. त्या वेळी जर्मनीत हिटलरची राजवट होती. अमेरिकेच्या विख्यात नर्तिका मार्था ग्रॅहॅम ह्यांना ह्याच स्पर्धांचे निमंत्रण होते. त्यांनी ते नाकारले. जर्मन नृत्याचे अध्वर्यू रुडॉल्फ लाबान ह्यांची भव्य समूहरचना प्रचारमंत्री गोबेल्स ह्यांच्या इच्छेने ऐन वेळी बंद पाडण्यात आली. जर्मन वृत्तपत्रांनी मेनका ह्यांच्या नृत्याची स्तुती केली, तीत कलेच्या रसिकतेबरोबर आर्य वंशाच्या कल्पनांचे आणि गूढ पूर्वेच्या आकर्षणाचे मिश्रण होते, असे अलीकडच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. मेनका ह्यांना ह्या सर्वांचे किती भान होते, ह्यावर निवाडा देण्याची घाई आपण करू नये. पण चरित्र सांगताना गौरवाचा उल्लेख करायचा आणि गौरव करणाऱ्या हातांविषयी मौन पाळायचे, हेही प्रामाणिकपणाचे होणार नाही. गौरवग्रंथांना ही खोड फार असते. इतिहास जपायचा तर तो अडचणीच्या भागासह जपला पाहिजे.

ह्याच दौऱ्याची एक आगळी खूण चित्रफितीवर राहून गेली. रिचर्ड आइशबर्ग ह्यांच्या १९३८ साली प्रदर्शित झालेल्या 'डेर टिगर फॉन एश्नापूर' ह्या जर्मन चित्रपटात मेनका ह्यांच्या मंडळीचे नृत्य आहे. कथा काल्पनिक संस्थानाची, भारताचे चित्रण परीकथेतले. परंतु त्या नाटकी राजवाड्यात खरीखुरी पावले उमटली आहेत. ज्यांना मेनका ह्यांची मंडळी कशी हलत होती हे पाहायचे आहे, त्यांना त्या परक्या चित्रपटाकडेच जावे लागते.

युरोपहून परतल्यावर १९३८ साली त्यांनी खंडाळ्याला 'नृत्यालयम्' ही संस्था काढली. घाटातली थंड हवा, मुंबईपासून सोयीचे अंतर आणि शहराच्या गडबडीपासून दूर असा परिसर. गुरूंनी आणि शिष्यांनी एकत्र राहावे, कथकाबरोबर मणिपुरी आणि कथकळीचेही शिक्षण व्हावे, अशी योजना होती. पंडित सीताराम प्रसाद येथे शिकवीत. मणिपुरीचे नामवंत गुरू बिपिन सिंह ह्यांना मुंबईकडे आणण्याचे श्रेयही मेनका ह्यांच्याकडे जाते. पुढे त्यांच्याच शिकवणीतून झवेरी भगिनींनी मणिपुरी नृत्य देशभर नेले. दमयंती जोशी आणि शिरीन वजिफदार ह्या खंडाळ्याच्या शिष्या पुढे स्वतंत्रपणे नावारूपाला आल्या.

१९३९ साली त्यांनी 'मालविकाग्निमित्रम्' हे नृत्यनाट्य रचले. ही निवड आपल्याकडच्या वाचकांना विशेष जवळची वाटावी. कालिदासाच्या ह्या नाटकातील राजा अग्निमित्र विदिशेचा आणि मालविका विदर्भाची राजकन्या. एक स्थळ आजच्या मध्य प्रदेशातले, दुसरे मराठी मुलुखातले. आणि ह्या दोहोंच्या मधल्या तापीकाठच्या भूमीवर आपण राहतो. नाटकाचा गाभाही नृत्याचाच आहे. गणदास आणि हरदत्त ह्या दोन नाट्याचार्यांमध्ये श्रेष्ठ कोण, असा वाद लागतो आणि त्याचा निर्णय शिष्येच्या नृत्यावरून व्हावा असे ठरते. शिष्या ती मालविका. गुरूची योग्यता त्याच्या शिष्येच्या देहातून सिद्ध होते, हा विचार ह्या प्राचीन नाटकात आहे, आणि मेनका ह्यांच्या बाबतीत तो अक्षरशः खरा ठरला.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि परदेश दौऱ्यांची वाट बंद झाली. मंडळी चालवणे खर्चाचे; त्यात मेनका ह्यांची प्रकृती ढासळली. मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांना गाठले. काही वर्षांतच खंडाळ्याचे नृत्यालय थांबले. ३० मे १९४७ रोजी त्यांचे निधन झाले. वय पुरते अठ्ठेचाळीसही नव्हते. स्वातंत्र्य अडीच महिन्यांवर आले होते. स्वतंत्र भारतात कलांना सरकारी मान मिळू लागला, अकादमी स्थापन झाली, नर्तिकांना पद्म पुरस्कार मिळू लागले. हे काहीही पाहण्यास त्या राहिल्या नाहीत. योगायोग असा की त्याच १९४७ साली पुण्यात रोहिणी भाटे ह्यांनी नृत्यभारती ही संस्था सुरू केली आणि महाराष्ट्रात कथकाचे रोपटे नव्याने लावले. मध्यमवर्गीय मराठी घरातील मुलीला कथक शिकवण्यास पालक धजू लागले, त्यामागे मेनका ह्यांच्या पिढीने सोसलेले टीकेचे घाव आहेत.

मेनका ह्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांनी नृत्याला प्रतिष्ठा मिळवून दिली, पण ह्या प्रतिष्ठेच्या प्रवासात ज्यांच्याकडून ही विद्या आली, त्या कलावंतिणी आणि वंशपरंपरागत वादक मागे राहिले. ही एकट्या मेनका ह्यांची चूक नव्हे. तो त्या काळाचा प्रवाह होता. कार्यक्रमपत्रिकेवर मंडळीच्या नायिकेचे नाव ठळक अक्षरात आणि साथीदारांचे बारीक अक्षरात, अशीच रीत होती. म्हणून आज त्या बारीक अक्षरांतली नावे वाचणे हे अभ्यासकांचे पहिले काम ठरते.

आता प्रश्न उरतो तो हे सर्व आपल्याला कसे कळले हा. पहिले उत्तर दमयंती जोशी. वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपास युरोप पाहिलेली आणि पंधराव्या वर्षी मंडळीतील प्रमुख नर्तिका झालेली ही मुलगी पुढे कथकाची श्रेष्ठ कलावती म्हणून मान्यता पावली. १९६८ साली तिला संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९७० साली पद्मश्री मिळाली. २००४ साली तिचे निधन झाले. तत्पूर्वी, १९८९ साली, अकादमीने तिने लिहिलेले मादाम मेनका ह्यांचे छोटेखानी चरित्र प्रसिद्ध केले. गुरू जाऊन चार दशके लोटल्यावर शिष्येने आठवणी कागदावर उतरवल्या, म्हणून त्या उरल्या. दुसरे उत्तर परदेशातील ग्रंथालये आणि दप्तरखाने. जर्मनीतील गावोगावच्या वृत्तपत्रांत छापून आलेली परीक्षणे, नाट्यगृहांच्या कार्यक्रमपत्रिका, छायाचित्रे, प्रवासाच्या नोंदी तेथे जपून ठेवल्या होत्या. एकविसाव्या शतकात युरोपातील अभ्यासकांनी ते कागद शोधून एकत्र केले आणि संगणकावर त्यांचा संग्रह सर्वांसाठी खुला केला. मंडळी कोणत्या दिवशी कोणत्या गावी होती, हे त्यातून कळू लागले. आपल्या मंडळीचा माग परक्यांच्या कपाटात लागावा, ही कृतज्ञतेची गोष्ट आहे आणि थोडी खंत वाटण्याचीही.

ग्रंथालयाच्या सभासदांपुढे हे चरित्र ठेवण्याचा हेतू येथे स्पष्ट व्हावा. बुऱ्हाणपूर हे मुंबईहून उत्तरेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे जुने स्थानक. फारुकी सुलतानांपासून मोगल सुभेदारांपर्यंत अनेकांच्या दरबारी कलावंतांनी ह्या शहरात हजेरी लावली. जसोंडीसारख्या गावांनी जत्रा पाहिल्या, फड पाहिले, कीर्तने ऐकली. त्या कलावंतांची नावे आज कोठे आहेत? एखाद्या घराच्या माळ्यावरील पेटीत जुने हस्तपत्रक असेल, तिकिटाचा अर्धा तुकडा असेल, नाटकवाल्यांच्या उतरण्याचा हिशेब लिहिलेली वही असेल, फोटोमागे पेन्सिलीने लिहिलेले नाव असेल. घर आवरताना प्रथम रद्दीत जातात ते असेच कागद, कारण त्यांना पुस्तकाचा मान नसतो. परंतु साडेसातशे प्रयोगांची एक मंडळी अशाच कागदांच्या आधाराने विस्मृतीतून परत आली आहे. तेव्हा असा कागद हाती लागला तर तो फेकण्यापूर्वी ग्रंथपालांना एकदा दाखवावा आणि घरातील वडीलधाऱ्यांना त्याची आठवण विचारून तारखेसह लिहून ठेवावी, इतकी विनंती करावीशी वाटते.

मेनका ह्यांचे नृत्य आपण पाहू शकत नाही. ते गेले. परंतु त्या होत्या, त्यांच्याबरोबर रामनारायण, गौरीशंकर, सखावत हुसेन खाँ आणि एक लहानगी मराठी मुलगी होती, आणि ती सारी मंडळी पेट्या बांधून गावामागून गाव फिरत होती, एवढे तरी आपल्याला ठाऊक आहे. कोणीतरी लिहून ठेवले, कोणीतरी जपून ठेवले, म्हणून ठाऊक आहे. ग्रंथालयाने शंभर वर्षे केले ते हेच काम आणि पुढेही त्याने करावयाचे ते हेच.